पाणीपातळीच्या चौकटीत एक ओळ झाडांची छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर एक फोटो होता. रस्त्याकडेचा मोठा रेन ट्री, अंगावर पान म्हणून नाही, सगळ्या फांद्या खांद्यापासून उतरवलेल्या, आणि खाली ओळ : 'पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक फांद्या हटवल्या'. काम कुणाचं, हुकूम कुणाचा, त्यात मला जायचं नाही. फोटो बघून आमची मंडळी म्हणाली, "तुमच्यातल्याच कुणाचं तरी काम दिसतंय." खरं आहे. मी गेली बत्तीस वर्षं सांगली-मिरजेत झाडावर चढून फांद्या उतरवतोय. तेव्हा 'झाडाच्या पानालाही हात लावू नका' असं सांगणाऱ्याचं हे पत्र नव्हे. शहरातल्या झाडाला हात लावावाच लागतो. तारा असतात, छपरं असतात, खाली शाळेची पोरं असतात. कधी, कुठं आणि किती कापायचं एवढाच सवाल असतो. त्यातल्या 'कधी'साठी मला तुमच्या पेपरात एका ओळीची जागा पाहिजे.

पाऊस लागला की तुम्ही रोज कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी छापता. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, हे आमच्या गावभागातल्या बालवाडीतल्या पोरालाही पाठ आहे. जुलै-ऑगस्टात चहाच्या आधी आम्ही तो आकडा बघतो. त्याच चौकटीखाली, आणि पावसाळ्यापुरती नव्हे तर बारा महिने, एक ओळ छापा : आज सांगलीत काय फुललंय, कशाचा पाला गळतोय, कशावर घरटी आहेत. बस्स.

खरं तर कल्पना माझी नाही. आमच्या रस्त्यावर झाडलोट करणाऱ्या एक मावशी होत्या, आता घरी बसल्यात. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्चचा दुसरा-तिसरा आठवडा, मी एका करंजावर दोर टाकत होतो. मालकानं सांगितलं होतं, वाळलेल्या फांद्या काढा. करंज तेव्हा जवळजवळ बोडका झालेला. मावशी खराट्यावर हात टेकून उभ्या राहिल्या नि म्हणाल्या, "दादा, आज नका चढू. आठ दिस थांबा. पाला टाकून ह्यो परत हिरवा हुतोय. जी फांदी हिरवी हुणार न्हाई ती वाळल्याली. आज चढलासा तर जित्ती कापशीला." मला राग आला. डिप्लोमा माझ्याकडं, दोर माझ्याकडं, आणि शिकवणार ह्या. तरी उतरलो, कारण बोलणं बरोबर होतं. आठ-दहा दिवसांनी गेलो तर सगळं झाड पोपटी, इतकं लख्ख की खाली उभं राहिलं तर अंगातला शर्टही हिरवा दिसावा. आणि मधेच तीन फांद्या तशाच काळ्या. तीनच. पहिल्या दिवशी मी खालून बघून सात धरल्या होत्या.

पुढं त्यांच्याशी ओळख वाढली. त्यांचं वर्ष ऐकण्यासारखं होतं. पौषात शिरीषाच्या वाळक्या शेंगा, आधी वर वाऱ्यानं खुळखुळतात, मग एकेक करून उडत येतात. शिमग्याच्या आधी काटेसावरीची फुलं. ती झाडायची नाहीत, पाटीत उचलायची, कारण पाणी भरल्यासारखी जड असतात आणि चेंगरली की रस्ता निसरडा होतो. त्याच सुमाराला रेन ट्रीच्या शेंगा, गुळासारख्या चिकट. शेळीवाल्याला आदल्या दिवशी निरोप दिला की तोच पोतं घेऊन येतो, आपला खराटा वाचतो. पाडव्याच्या आगंमागं करंज नि पिंपळ, मग वैशाखभर सोनमोहराचा पिवळा सडा, तो वाळला की धुळीसारखा बारीक होऊन गटारीत जातो. मिरगाला जांभळं, पायाला लागलेला डाग दोन-दोन दिवस निघत नाही. मग लिंबोळ्या. आणि दिवाळी झाली की बुचाची फुलं. "बुचाचं तेवढं झाडू वाटत न्हाई," त्या म्हणायच्या. "पयलं फाटंचं वटीत घ्येती, मग झाडती."

ज्याला झाडाच्या वर्षाचा हा हिशेब ठाऊक आहे, त्याला कुठल्या महिन्यात करवत काढायची हे वेगळं सांगावं लागत नाही. पण आपल्याकडं छाटणी निविदेच्या तारखेनं होते. निविदा निघते उन्हाळ्यात, माणसं झाडावर चढतात मेअखेर किंवा जूनमध्ये. म्हणजे ताम्हण ऐन बहरात आलेलं असतं तेव्हा. ताम्हणाचे तुरे नव्या धुमाऱ्यांच्या टोकाला येतात. एप्रिलात शेंडे उडवले की त्या वर्षीचा जांभळा बहर संपला. आपलं राज्यफूल आहे हे. विश्रामबागेत एका बंगल्यापुढं दरवर्षी मे महिन्यात एक ताम्हण असं फुलतं की गाडी थांबवावी, आणि शेजारचे गृहस्थ मला विचारतात, "हे फॉरेनचं झाड आहे का हो?" मला दर वेळी तेवढाच संताप येतो आणि दर वेळी मी तेवढ्याच नम्रपणे सांगतो.

जूनमध्ये रेन ट्रीवर बगळे काटक्या घेऊन येतात. चिंचेवरही येतात, पण रेन ट्री त्यांना जास्त मानवतो, आडव्या फांद्यांचा मांडव असतो ना. आणि नेमकं त्याच महिन्यात खाली ट्रॅक्टर लागतो. मी स्वतः एका कामावर फांदी खाली आल्यावर चार पिल्लं मातीत पडलेली बघितली आहेत, अजून डोळे धड न उघडलेली. त्या दिवसापासून जूनमध्ये रेन ट्रीचं काम घेत नाही. तुळशीच्या लग्नापासून शिमग्यापर्यंत चार महिने मिळतात, तेवढ्यात होतं सगळं. रेन ट्री मुळात अमेरिका खंडातला, आपल्याकडं सावलीसाठी आणून लावला. संध्याकाळी त्याची पानं मिटतात, आभाळ भरून आलं तरी मिटतात. खाली उभा असलेला माणूस त्यामुळं भिजतो, आणि झाडाच्या मुळाशीही पाणी पोचतं. भर दुपारी चारला पानं मिटायला लागली की मी दोर गुंडाळतो. हवामान खात्याचा मेसेज नंतर येतो.

आता बुचाविषयी, कारण मावशींचं नाव काढल्यावर ते टाळता येत नाही. बुच म्हणजे गगनजाई, काही जण आकाशनिंब म्हणतात. सरळसोट उंच झाड, फांद्या ठिसूळ, वर चढायला सगळ्यात वाईट. पाय ठेवावा तर कट्ट होतं. मूळ ब्रह्मदेशाकडचं. साल बुचासारखी मऊ, नखानं दाबली तर खड्डा पडतो, तिच्यापासून हलक्या प्रतीची बुचं करत असत, म्हणून नाव. आमच्या लहानपणी पहाटे पोरी परकराच्या ओच्यात फुलं गोळा करायच्या आणि त्यांच्या लांब देठांचीच तीनपदरी वेणी घालायच्या, दोरा न घेता, सुई न घेता. मला ती गुंफण अजून येते. माझ्या नातीला शिकवली, तिनं व्हिडिओ काढला, आणि वेणी शाळेच्या दप्तरात सुकून गेली.

एकदा नोव्हेंबरात रात्री साडेदहाच्या सुमाराला विश्रामबागेतल्या एका गल्लीत बुचाखाली उभा होतो. मालकिणीची तक्रार होती की झाडावर 'काहीतरी' फिरतं. टॉर्च लावला तर फुलांपुढं मोठे पतंग हवेत थांबलेले. बसत नाहीत, नुसते थांबतात, पंख दिसत नाहीत इतके जोरात हलतात, आणि तोंडाची लांब सोंड नळीत. फूल बोटभर लांबीचं, अत्तराच्या नळीसारखं, नि मध त्याच्या तळाशी. लांब सोंडेच्या या पतंगांना तिथपर्यंत आरामात पोचता येतं. मालकिणीला बोलावून दाखवलं. त्या पायरीवर बसून बघत राहिल्या, मग आतून स्वेटर घालून आल्या. मग म्हणाल्या, "राहू दे, नका छाटू." त्या रात्री माझे पैसे बुडाले. वर्षभरानं मोडकी फांदी काढायला त्यांनी परत बोलावलं, ते वेगळं.

गुलमोहराबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. सातारकर १ मे रोजी गुलमोहर दिवस साजरा करतात, चित्रं काढतात, कविता म्हणतात. चांगलंच आहे, झाडासाठी एक दिवस उन्हात उभं राहणाऱ्या गावाला माझा नमस्कार. मलाही मेमधला गुलमोहर बघून बरं वाटतं. त्याच्या पाच पाकळ्यांतली एक वेगळी असते, पांढुरकी, तांबडे-पिवळे ठिपके असलेली. पोरांना मी ती शोधायला लावतो. पण वळवाच्या पहिल्या वाऱ्याला मला जे फोन येतात त्यांतले निम्मे गुलमोहराचे असतात. मुळं उथळ, लाकूड हलकं, वर पसारा छत्रीसारखा. मादागास्करहून आलेलं हे झाड मैदानाच्या कडेला, बागेत, मोकळ्या जागी लावावं. पार्किंगवर लावू नये. पार्किंगवर लावायला कडुनिंब आहे, करंज आहे. एप्रिलच्या रात्री निंबाच्या मोहराचा वास गच्चीवर येतो, तेवढ्यासाठी तरी लावावा.

बहावा मात्र मला कुठंही चालतो. फार मोठा होत नाही, तारांना लागत नाही, आणि वैशाखात पानं बाजूला सारून पिवळे घोस सोडतो. बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस, असं म्हातारी माणसं सांगतात. मी वहीत तारखा टिपतो. कधी जमतं, कधी नाही. पण ज्या वर्षी जमतं त्या वर्षी आमचे शेजारी मला चहा पाजतात. हिवाळ्यात लोक त्याच्या काळ्या दांडकेवजा शेंगा बघून विचारतात, झाडाला काही रोग झालाय का. काही झालेलं नाही.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. फोटोतल्या झाडावर बोलायचा हक्क मला त्याशिवाय नाही.

१९९४ साल. गावभागातल्या एका वाड्याच्या परसात जुनी चिंच होती. दोघांच्या कवेत न मावणारी. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर एक ढोली, हात घातला तर कोपरापर्यंत आत जायचा. आत पिंगळ्याचं जोडपं. वाड्यातल्या आजींचं म्हणणं, झाड पोकळ झालंय, बघ काहीतरी. मी नुकताच डिप्लोमा घेऊन आलेला, वय चोवीस. वर्गात शिकवलं होतं तसं केलं. ढोलीतलं कुजकं सगळं खरवडून काढलं, अगदी लालसर ताजं लाकूड लागेपर्यंत. आतून डांबर फासलं. मग विटांचे तुकडे आणि सिमेंट घालून ढोली भरली आणि वरनं थापीनं अशी गुळगुळीत केली की गवंड्यानं बघत राहावं. दातात चांदी भरतात तसं वाटत होतं मला. वाड्यातली सगळी मंडळी बघायला आली. पिंगळे आठ दिवस कौलांवर बसून ओरडले.

नऊ वर्षांनी, मेमध्ये, वळवाच्या वाऱ्यात चिंच मोडली. मुळासकट पडली नाही. सिमेंटच्या बरोबर वर मोडली. शेजारच्या न्हाणीचे पत्रे फुटले, खाली माणूस कुणी सापडलं नाही ही देवाची कृपा. मी गेलो तेव्हा बुंधा तसाच उभा, त्यात माझा सिमेंटचा गड्डा, जसा घातला तसा, एक चीर नाही. त्याच्या भोवतीचं लाकूड हातात घेतलं तर चहाच्या चोथ्यासारखं चुरलं. ओलं होतं. नऊ वर्षं सिमेंट आणि लाकूड यांच्या फटीत पाणी मुरत होतं. झाड वाऱ्यानं हलतं, सिमेंट हलत नाही. एका जागी घासत राहतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मी जे 'ताजं लाकूड लागेपर्यंत' खरवडलं होतं, तिथंच झाडानं कुजकं आणि चांगलं यांच्यामध्ये स्वतःची भिंत घातलेली होती. ती मी पटाशीनं फोडली होती.

हे मला पुष्कळ नंतर कळलं. अमेरिकेत अ‍ॅलेक्स शिगो नावाचे एक शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी हजारो झाडं करवतीनं उभी चिरून बघितली आणि दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड जखमेला आतून कोंडून टाकतं आणि तिच्या बाहेर नवं लाकूड घालत जातं. ढोली म्हणजे झाड मेलं असं नाही. बाहेरची भिंत पुरेशी जाड असेल तर पोकळ झाडही पिढ्यान्‌पिढ्या उभं राहतं. आता ढोली भरायची पद्धत मोडीत निघाली आहे. पण मी भरली तेव्हा ती चालत होती, आणि मी ती हौसेनं केली.

आजी पडक्या चिंचेपाशी काठी टेकून उभ्या होत्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तू तिचं तोंड बांधलंस रे. आत काय चाललंय ते कळणार कसं?" पत्र्यांचे पैसे मी दिले, त्यांनी निम्मे परत केले.

तेव्हापासून माझ्या पिशवीत धुण्याची मोगरी असते. आमच्या मंडळीची जुनी, तिनं कपाळाला हात लावून दिली. बुंध्यावर चहूबाजूंनी ठोकत जायचं, कान लावून. भरीव जागी आवाज कोरडा नि आखूड येतो, पोकळ जागी घुमतो, आणि कुजलेल्या जागी आवाजच येत नाही, मोगरी नुसती बसते. बुडाशी कानासारखी कडक अळंबी आली असतील तर मोगरीचीही गरज नाही, ते मुळं कुजत असल्याचं लक्षण; असं झाड मी कापायलाच सांगतो. लोकांना वाटतं मी झाडं वाचवणारा आहे. मी दर वर्षी काही झाडं बुडातून उतरवतो, आणि त्यांतल्या एकाचंही मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते फोटोतल्यासारख्याचं, जे धड जगतही नाही आणि धड पडतही नाही.

त्या झाडाचं काय होणार ते सांगतो. खुंटांवर पावसात धुमाऱ्यांचे झुपके येतील. दोन महिन्यांत सगळे म्हणतील, बघा, कसं छान फुटलं. ते धुमारे खुंटाच्या नुसत्या सालीजवळून निघालेले असतात, खोल लाकडात रुजलेले नसतात. चार-पाच वर्षांत ते मनगटाएवढे जाड होतील, तोवर खालचा खुंट आतून कुजलेला असेल, आणि एखाद्या वळवात आख्खा झुपका खाली येईल. म्हणजे धोका काढायला म्हणून धोका पेरला.

फांदी काढायची रीत सोपी आहे, खर्चही वाढत नाही. खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून करवतीचा काप घ्यायचा, साधारण पाव जाडीपर्यंत. मग त्याच्या थोडं पुढं वरून कापायचं; फांदी सुटते, पण साल ओरबाडत खोडापर्यंत येत नाही. मग राहिलेला खुंट शेवटी काढायचा, आणि तो कुठं? फांदी खोडाला मिळते तिथं एक फुगीर, सुरकुतलेलं कडं असतं, आपल्या मनगटावर बाही दुमडावी तसं. त्या कड्याला धक्का न लावता त्याच्या बाहेरून. कडं कापलं तर जखम बंद होत नाही, आणि खुंट ठेवला तर कुजतो. बरोबर जागी कापलं तर वर्षभरात भोवतीनं गोल ओठ यायला लागतात. वर डांबर नको, ऑइलपेंट नको.

पुराबद्दलही झाडं बरंच सांगतात, पण त्यांच्याकडं बघायला तेव्हा कुणाला वेळ नसतो. २०१९ च्या ऑगस्टात पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमचं घर पाण्यात होतं, आम्ही मिरजेला पाहुण्यांकडं. परतल्यावर घरातला गाळ काढून झाला आणि मग मी परसं बघत हिंडलो. पपई तर पाणी असतानाच गेली होती. शेवगा आडवा. कढीपत्ता आठवडाभरानं वाळला. पण करंज, जांभूळ, अर्जुन यांनी पानं टाकली आणि दसऱ्यापर्यंत परत पालवले. नदीकाठच्या वाळुंजाला तर काही झालंच नाही, पाण्यात पाय सोडून बसायची त्याला सवयच आहे. गंमत म्हणजे आंब्यांची पडझड तेव्हा दिसली नाही. पुढच्या वर्षी दिसली. लोकांनी घर धुतलं, पण झाडाच्या बुंध्याशी साचलेला वीत-वीत गाळ तसाच ठेवला, 'पोयट्याची माती आहे, चांगली' म्हणून. मुळांना हवा लागते. बुंध्याचा जमिनीशी पसरणारा घेर गाळाखाली गाडला की साल कुजते, आणि झाड सावकाश जातं. मी निदान पंधरा-सोळा घरी हातानं आणि खुरप्यानं गाळ काढून बुंधे उघडे केले, पैसे न घेता. पूर ओसरल्यावरच्या तुमच्या ओळीत हे एक वाक्य येऊ द्या : आज बुंधे मोकळे करा.

भोशाच्या वडाचं सगळ्यांना आठवतच असेल. मिरजेच्या पुढं रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कडेला, लोक चारशे वर्षांचा म्हणत. २०२० साली तो रस्त्यासाठी जाणार म्हटल्यावर माणसं झाडाभोवती उभी राहिली, आंदोलन झालं, रस्ता सरकवला. आपल्या जिल्ह्यात एका झाडासाठी असं झालं याचा मला अजून अभिमान आहे. पुढं तो वादळी पावसात कोसळला. बातमी आली त्या दिवशी मी गेलो. पारंब्यांच्या आत पडलेल्या खोडावर पोरं चढून सेल्फी काढत होती आणि एक म्हातारा गडी बाजूला बसून तंबाखू मळत होता. मला म्हणाला, "आता हितं ऊन किती पडतंय बघा." त्यावर मला काही बोलता आलं नाही. इतकंच सांगतो, जुन्या झाडाला रस्त्यापासून नुसतं खोड वाचवून पुरत नाही, खोडाभोवतीची जमीनही राखावी लागते, कारण वडाची मुळं फांद्यांच्याही बाहेर जातात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर आपल्या राज्याच्या शहरी वृक्षकायद्यात पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणतात. त्या हिशेबानं सांगलीत गल्लीगल्लीत वारसा उभा आहे, आणि बहुतेकांच्या बुंध्याला पेव्हर ब्लॉक टेकलेत.

शोभेच्या झाडांवर फार लिहीत नाही, नाहीतर पत्रातलं सौजन्य संपेल. सरळ खांबासारख्या वाढणाऱ्या ज्या झाडाला सगळे अशोक म्हणतात तो अशोक नाही. सीतेचा अशोक वेगळा, फाल्गुन-चैत्रात खोडालगत शेंदरी गुच्छ येणारा, आणि सावलीत सुखानं वाढणारा. तो लावा. कोनोकार्पस नको, गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, आपण अजून कुंपणाला लावतोय. सप्तपर्णीचा वास काहींना डोकेदुखी वाटतो, मला नाही, पण एका रस्त्यावर ओळीनं चाळीस लावायचं कारण नव्हतं. कैलासपती दक्षिण अमेरिकेतलं असून आपण त्याच्या फुलात शिवलिंग बघितलं, हे मला फार आवडतं. बोगनवेल मेच्या उन्हात कुणी पाणी न घालता फुलते, तिला कमी लेखू नये. लोखंडी जाळी झाड वाढलं की काढायची असते. मी आजवर कापून काढलेल्या जाळ्यांचं भंगार चार पोती झालं असेल.

वटपौर्णिमा आठ-दहा दिवसांवर आली आहे. दरवर्षी या दिवसांत कुणी ना कुणी फोन करतं, "दोनशे फांद्या पाहिजेत, बाजारात विकायला." मी नाही म्हणतो, दुसरा कुणीतरी हो म्हणतो, आणि ऐन पावसाच्या आधी वडाचे शेंडे जातात. भगिनींना हात जोडून सांगणं, झाडापाशी जा, घरी फांदी आणू नका. आणि सूत सुताचंच घ्या. हल्ली बाजारात जो चकचकीत दोरा मिळतो तो नायलॉनचा असतो, कुजत नाही. पोरसवदा वडाला तो सालीत रुततो आणि वर्ष-दोन वर्षांत झाडाला करकोचा पडतो. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी कात्री घेऊन फिरतो. मागच्या साली एका आजीबाईंनी हटकलं, "अवो, आमचा नवरा सोडवताय का काय?" मी म्हटलं, सुती ठेवलंय बाई, नायलॉन तेवढं काढतोय.

पत्र लांबलं. छापताना कापावं लागेल याची कल्पना आहे. कापा, पण खुंट ठेवू नका. आणि ती एक ओळ सुरू करणार असाल तर दर आठवड्याला मी फिरून लिहून देईन, मानधन नको. मावशींनाही विचारून येत जाईन, त्यांचं घर वाटेवरच आहे. नमुन्यादाखल या आठवड्याची देतो :

जांभळं पडायला लागली, रस्त्यावर बेतानं चाला. निंबाच्या लिंबोळ्या पिवळ्या होतायत. ताम्हणाचा बहर ओसरतोय, बघायचा असेल तर दोन-तीन दिवसांत बघा. रेन ट्रीवर बगळ्यांनी काटक्या आणायला सुरुवात केलीय, तिथं करवत नको.

आपला नम्र,
एक छाटणीवाला
गावभाग, सांगली